‘कक्षा’ शब्दाचा अणूत प्रवेश व निर्गम

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या शास्त्री-जोशी घराण्यांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांस हे सांगावयास नको की, रुमालात बांधलेल्या पोथ्यांत दोन ग्रंथ बहुधा हटकून निघतात. एक अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह व दुसरा गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव. पहिला पाठशाळेत न्यायशास्त्राचा श्रीगणेशा करून देणारा. दुसरा पंचांग करणाऱ्या जोशाच्या नित्य हाताखालचा. यांच्या प्रती इतक्या विपुल आहेत की संग्राहक त्यांकडे वळूनही पाहत नाहीत. आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय या पोथ्या नसून त्यांच्या परंपरेतून मराठीत उतरलेले दोन शब्द हा आहे. न्याय-वैशेषिकांकडून आपणांस ‘अणू’ मिळाला व ज्योतिष्यांकडून ‘कक्षा’ मिळाली. ‘अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन आपापल्या कक्षांत फिरतात’ हे वाक्य आज शाळेतील मुलगाही म्हणतो. यात अणू जुना, कक्षा जुनी, केंद्रही जुनेच, जरी तो शब्द आमच्या ज्योतिष्यांनी ग्रीकांपासून घेतलेला असला तरी. नवा काय तो एक इलेक्ट्रॉन. यामुळे ऐकणाऱ्यास असे वाटते की, घर जुनेच आहे, बिऱ्हाडकरू तेवढा नवा आला. परंतु पदार्थविज्ञानाने १९२६ सालीच या वाक्याचा उत्तरार्ध मोडीत काढला. इलेक्ट्रॉन अणूत आहे. तो ज्या वाटेने फिरतो असे सांगतात ती वाट मात्र नाही. वाट गेली व तिचे नाव राहिले, हे कसे घडले, आणि या घडामोडीशी सातारा प्रांताचा काय संबंध पोहोचतो, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे. प्रांत म्हणण्याचे कारण इतकेच की, आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने निराळा झाला व त्यास ‘सांगली’ हे नाव १९६० साली मिळाले. तत्पूर्वीच्या गोष्टी सांगताना आजची सीमारेषा उपयोगी पडत नाही.

प्रथम ‘अणू’. वैशेषिकांच्या मते पृथ्वी, जल, तेज व वायू यांचे अंतिम अवयव म्हणजे परमाणू. ते नित्य व निरवयव. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक. आणि हे त्र्यणुक, ज्यास त्रसरेणू असेही म्हणतात, ते गवाक्षातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत डोळ्यांस दिसते. म्हणजे मूळ परिभाषेत सर्वांत लहान तो परमाणू, आणि रेणू हा शब्द दिसू शकणाऱ्या कणाच्या अंगाने येतो. आधुनिक रसायनात मूलद्रव्याचा जो लघुतम कण त्यास मराठीने ‘अणू’ म्हटले व अशा अणूंच्या संयोगास ‘रेणू’ म्हटले. हिंदीने त्याच दोन वस्तूंस अनुक्रमे ‘परमाणु’ व ‘अणु’ ही नावे दिली. एकाच पोथीतून दोन भगिनींनी निवड केली, आणि आज पुण्याचा विद्यार्थी काशीचे पुस्तक उघडतो तेव्हा ‘अणु’ शब्दापाशीच अडखळतो. हिंदीची निवड मुळास अधिक धरून आहे असे म्हणता येईल; पण मराठीची निवड बोलण्यास हलकी व समासास सोयीची, आणि त्रसरेणूतील ‘रेणू’ तिने वाया जाऊ दिला नाही, यात आम्हांस तरी तिचे व्यवहारचातुर्य दिसते.

आता ‘कक्षा’. सिद्धांतग्रंथांत हा शब्द मोघम नाही. सूर्यसिद्धांतात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने सांगितली आहे आणि आकाशकक्षा १८,७१,२०,८०,८६,४०,००,००० योजने. या दुसऱ्या प्रचंड संख्येस हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी गुणाकार करून पाहिलेला नसतो. एका कल्पात चंद्राच्या प्रदक्षिणा ५७,७५,३३,३६,००० होतात. त्यांस ३,२४,००० ने गुणिले असता आकाशकक्षेचा आकडा एका योजनाचाही फरक न पडता येतो. सिद्धांत असा की, सर्व ग्रह कल्पात सारखेच अंतर चालतात. यास्तव ज्याच्या प्रदक्षिणा थोड्या त्याची कक्षा मोठी. ज्योतिष्याच्या लेखी कक्षा म्हणजे मोजलेली वाट होय. तिला लांबी आहे, तिच्यावर अमुक दिवशी अमुक ठिकाणी ग्रह सापडलाच पाहिजे, आणि सापडत नसेल तर बीजसंस्कार द्यावा लागतो. शब्दाचा हा ठामपणा लक्षात ठेवावा. पुढील सर्व घोटाळा त्यातूनच उत्पन्न झाला.

१९१३ साली डेन्मार्क देशाच्या नील्स बोर यांनी हायड्रोजनाच्या अणूची उपपत्ती प्रसिद्ध केली. (त्याच वर्षी मार्च महिन्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला, त्यांचे नाव या लेखात पुढे येणार असल्याने हा योगायोग नोंदवून ठेवतो, याहून त्यात अर्थ नाही.) मध्ये धनविद्युत् असलेले जड अणुकेंद्र, सभोवती ऋणविद्युत् असलेला हलका इलेक्ट्रॉन, हे चित्र दोन वर्षांपूर्वी रदरफोर्ड यांनी दिले होते. अडचण ही की, विद्युत्कण वर्तुळात फिरू लागला की त्यातून प्रकाशरूपाने शक्ती बाहेर पडलीच पाहिजे, आणि मग तो निमिषार्धात केंद्रावर जाऊन आदळला पाहिजे. जगात एकही अणू शिल्लक राहू नये. बोर यांनी काही ठरावीक कक्षाच मान्य आहेत, त्यांत फिरताना इलेक्ट्रॉन काही गमावीत नाही, एका कक्षेतून दुसरीत उडी मारतो तेव्हाच प्रकाश देतो किंवा घेतो, असे गृहीत धरले. कक्षांच्या त्रिज्या १, ४, ९ या वर्गसंख्यांच्या प्रमाणात. पहिली त्रिज्या सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या निम्म्याहून किंचित अधिक. हायड्रोजनाच्या वर्णपटातील रेषा या हिशेबाने अचूक निघाल्या. इवलीशी सूर्यमालाच ती. मग तिच्या वाटांस मराठीत ‘कक्षा’ याखेरीज दुसरे नाव कोणास सुचणार? शब्द सहज आला, आणि त्या वेळी तो बरोबरही होता.

परंतु वर्णपटाच्या रेषा बारकाईने पाहणाऱ्यांस एकेक पातळी पोटभेदांची बनलेली आहे असे आढळून आले. त्या पोटभेदांस, म्हणजे उपपातळ्यांस, एस्, पी, डी व एफ् अशी अक्षरे आहेत. ही अक्षरे विद्यार्थी पाठ करतात. ती कोठून आली हे सहसा कोणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी वर्णपट पाहणाऱ्यांनी रेषांच्या मालिकांस इंग्रजीत नावे दिली होती: एक तीक्ष्ण, दुसरी प्रधान, तिसरी विसृत, चौथी मूलभूत. त्या चार विशेषणांची ही आद्याक्षरे. चौथी मालिका मूलभूत आहे ही समजूत टिकली नाही, अक्षर मात्र टिकले. मोडी कागद वाचणाऱ्यास यात नवल वाटू नये. मुसलमानी तारखेपूर्वी येणारा ‘छ’ किंवा राजश्री-परगणे यांची आखूड रूपे लिहिताना कारकून मूळ शब्दाचा विचार करीत नसे आणि वाचणाऱ्याचेही त्यावाचून अडत नसे. वर्णपटवाल्यांचे दप्तरही याच रीतीने चालले आहे.

उपपातळ्यांची व्यवस्था समजण्यास आमच्या वाचकांस मुलखी वहिवाटीचा दृष्टांत सर्वांत सोयीचा. मुख्य पातळी म्हणजे परगणा, उपपातळी म्हणजे त्यातील तर्फ, आणि तर्फेत मौजे. पहिल्या परगण्यात एस् ही एकच तर्फ. दुसऱ्यात एस् व पी. तिसऱ्यात एस्, पी व डी. चौथ्यात एफ् धरून चार. एस् तर्फेत गाव एकच, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच, एफ्‌मध्ये सात. प्रत्येक गावात घरे दोन, त्यांहून अधिक बांधण्याची परवानगी नाही. यामुळे एस्‌मध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १० व एफ्‌मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात, आणि परगण्यांची बेरीज २, ८, १८, ३२ अशी भरते. वुल्फगांग पाउली यांचा १९२५ सालचा नियम इतकाच की, परगणा, तर्फ, मौजे व घर हा चार कलमी पत्ता दोन इलेक्ट्रॉनांचा सारखा असू शकत नाही. घर दोनच का, याचे उत्तर त्याच वर्षी उलेनबेक व गाउडस्मिट यांनी दिले: इलेक्ट्रॉनास स्वतःचे परिवलन आहे व ते दोनच प्रकारचे असते. वसाहतीचा क्रम मात्र सरळ नाही. चौथ्या परगण्यातील एस् तर्फ तिसऱ्यातील डी तर्फेच्या आधी वसते. एकोणिसावे मूलद्रव्य पोटॅशियम व विसावे कॅल्शियम यांचे शेवटचे इलेक्ट्रॉन तेथे जातात, आणि मग एकविसाव्या स्कँडियमपासून मागे राहिलेली डी तर्फ भरू लागते. सव्विसावे मूलद्रव्य लोखंड. त्याच्या डी तर्फेत सहा इलेक्ट्रॉन असून त्यांपैकी चार, अणू सुटा असता, आपापल्या गावात एकटे राहतात. लोखंड चुंबकाकडे का धावते याचे बीज या एकट्या राहणाऱ्यांत आहे.

येथे साताऱ्याचा संबंध येतो. गणेश सखाराम महाजनी यांचा जन्म १८९८ साली साताऱ्यास झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले, रँग्लर झाले व तेथील स्मिथ पारितोषिकाचे मानकरी ठरले. परत आल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढे राजपुताना विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि नंतर दिल्ली व पुणे येथीलही कुलगुरू झाले. महाराष्ट्रास ते ठाऊक आहेत ते या अधिकारपदांमुळे. त्यांच्या चरित्राची ही बाजू पुष्कळांनी सांगितली आहे; आम्ही ती येथे सोडून देतो. आमचे लक्ष आहे ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’च्या अ मालेतील २२८ व्या खंडात, १९२९ साली, पृष्ठे ६३ ते ११४ येथे छापलेल्या त्यांच्या प्रदीर्घ निबंधाकडे. विषय लोहचुंबकीय स्फटिकांची उपपत्ती.

प्रश्न असा होता. लोखंडाचा एकच अखंड स्फटिक घेतला तर त्याच्या अणूंची मांडणी घनाकृती असते. अशा स्फटिकास घनाच्या कडेच्या दिशेने चुंबकत्व सहज येते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने ते आणण्यास अधिक जोर लागतो. वेब्स्टर यांनी इंग्लंडात १९२५ साली व होंडा आणि काया यांनी जपानात १९२६ साली हे मोजून दाखविले होते. निकेलमध्ये गोष्ट नेमकी उलट. आता, अणूतील चुंबक म्हणजे केवळ एक बिंदू असे धरले आणि असे सर्व बिंदू एकाच दिशेस तोंड करून घनाकृती मांडले, तर गणित सांगते की सर्व दिशा सारख्याच ठरल्या पाहिजेत. स्फटिक तर दिशादिशांत भेद करतो. तेव्हा महाजनींनी मूलचुंबक बिंदुवत् न मानता त्यास काही विस्तार आहे असे धरून गणित मांडिले. अणू मोठा आहे, त्याच्या आत अंतर आहे, आणि त्या अंतराचा परिणाम हातात धरता येईल अशा लोखंडाच्या तुकड्यावर दिसतो, हा त्या प्रयत्नाचा गाभा.

ते ज्या वेळी केंब्रिजात होते ती वेळही पाहण्यासारखी आहे. एडमंड स्टोनर यांनी उपपातळ्यांत किती इलेक्ट्रॉन मावतात याचा हिशेब १९२४ साली मांडला तो तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील आपल्या अभ्यासातून. पॉल डिरॅक हे सेंट जॉन्सचेच, आणि डग्लस हार्ट्री हेही त्याच महाविद्यालयाचे. हार्ट्री यांनी १९२८ साली अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचे गणित सोडविण्याची रीत काढली. एकाचा विस्तार दुसऱ्यावर अवलंबून, दुसऱ्याचा पहिल्यावर. म्हणून आधी अंदाज धरावा, त्यावरून उत्तर काढावे, उत्तर पुन्हा अंदाजाच्या जागी घालावे, आणि दोन्ही जुळेपर्यंत असे करीत राहावे. हे सर्व आकडे हाताने व लहानशा गणकयंत्रावर करावयाचे. त्यांच्या वडिलांनीही या कामी हात लावला. आमच्या जोशांनी मंदोच्चाचे व शीघ्राचे संस्कार आलटून पालटून देऊन स्पष्टग्रह काढले, त्या कामाची आठवण यावी असेच हे कोष्टकांचे काम आहे. फरक हा की, ग्रहलाघवाच्या कोष्टकातून ग्रहाचे स्थान निघते, आणि हार्ट्रीच्या कोष्टकातून स्थान निघतच नाही.

निघते ते काय? १९२६ साली श्रोडिंगर यांनी जे समीकरण दिले त्यातून इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच कळते. केंद्राभोवती कोठे दाट, कोठे विरळ असे धुके पसरलेले आहे असे समजावे. एस् उपपातळीचे धुके सर्व बाजूंनी सारखे, गोल. पीचे दोन पाळ्यांचे, मध्ये केंद्रापाशी शून्य. डीच्या पाचांपैकी चारांस चार चार पाळ्या. हायड्रोजनाच्या पहिल्या पातळीत इलेक्ट्रॉन सापडण्याचा संभव ज्या अंतरावर सर्वाधिक, ते अंतर नेमके बोर यांच्या पहिल्या कक्षेच्या त्रिज्येइतके निघते. म्हणजे जुन्या वाटेची मोजणी खरी ठरली, वाट खोटी. आणि ती खोटी आहे हे केवळ शब्दच्छल नव्हे. बोर यांच्या पहिल्या कक्षेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनास फिरण्याचा संवेग एक एकक असावयास हवा. एस् उपपातळीत तो शून्य आहे. जो प्रदक्षिणाच घालीत नाही त्यास कक्षा कोठली? १९३२ साली अमेरिकेच्या रॉबर्ट मलिकन यांनी या नव्या वस्तूस इंग्रजीत जुन्या शब्दावरून बेतलेले पण किंचित निराळे नाव दिले. हिंदीतील पुस्तकांनी त्याच युक्तीने ‘कक्षक’ हा शब्द केला. मराठीनेही तो घ्यावा असे आमचे मत आहे. एका ‘क’ने वाट व धुके निराळी होतात, हे स्वस्तात पडले.

महाजनींच्या निबंधाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर गावकऱ्याची स्तुती केल्यासारखे होईल. मान्य झाली ती उपपत्ती निराळी. चुंबकांस एकमेकांशी समांतर धरणारे बळ चुंबकीय नसून पुंजयामिकीतून उद्भवते हे हायझेनबर्ग यांनी १९२८ सालीच दाखविले होते. दिशाभेदाचे कारण इलेक्ट्रॉनाचे परिवलन व त्याची अणूतील गती यांच्या परस्परबंधात शोधले पाहिजे, असे ब्लॉख व जेंतिले यांनी १९३१ साली सुचविले. व्हॅन व्लेक यांनी १९३७ साली त्याचा विस्तार केला. डी उपपातळीच्या धुक्यास आकार आहे. तो आकार स्फटिकाच्या मांडणीशी अडतो. परिवलन त्या आकारास बांधलेले असल्याने चुंबकत्वही अडते. केवळ चुंबकीय बळांतून सर्व काढू पाहणाऱ्या महाजनींस हे मिळणे शक्य नव्हते. परंतु बिंदूने भागत नाही, विस्तार धरलाच पाहिजे, ही त्यांची नड खरी होती. उत्तर चुकूनही प्रश्न बरोबर ओळखल्याचे श्रेय उरते, आणि ते महाजनींस द्यावे असे आम्हांस वाटते. लोखंडाच्या बाबतीत हा प्रांत तसाही नवखा नव्हता. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याच्या दगडांतून धावड लोक भट्ट्या लावून लोखंड काढीत, हे जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटिअरच्या वाचकांस विदित आहेच.

आता वाईकडे वळू. सातारा शहरापासून थोड्याच कोसांवर कृष्णाकाठी हे क्षेत्र. तेथे नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा. तेथेच लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले व १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी त्यांनी मिळविली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यास न होता वाईस झाले. १९७३ साली परिभाषेचा अठरावा खंड आधी निघाला व १९७६ साली पहिला. खंडांच्या क्रमाआधी परिभाषा छापावी लागली यातच कामाची नड दिसून येते. पहिल्या खंडात ‘अणु व आणवीय संरचना’ ही नोंद आहे. विश्वकोशाच्या परिभाषेत पुंज सिद्धांत, पुंजयामिकी, परिवलन, अणुकेंद्र असे शब्द रूढ झाले. यांपैकी ‘पुंज’ आम्हांस विशेष आवडतो. शक्ती धारेने न येता राशीराशीने येते, ही गोष्ट तो न शिकलेल्या माणसासही सांगतो.

ज्याने आयुष्याच्या आरंभी परमाणू, द्व्यणुक, त्र्यणुक यांवर पूर्वपक्ष-उत्तरपक्ष केले, त्या नैयायिकाच्या संपादनाखाली नव्या अणूची मराठी नोंद तयार व्हावी, ही गोष्ट मोठी मनोहर आहे. परंतु तिच्यावरून काही मंडळी जे अनुमान काढतात ते आम्ही मान्य करू शकत नाही. कणादांस आजचा अणू ठाऊक होता, उपपातळ्याही ‘त्र्यणुका’त गर्भित आहेत, अशा आशयाचे प्रतिपादन वरचेवर ऐकू येते. शब्द एक म्हणून वस्तू एक, हा न्याय लावला तर जुन्या सनदेतील ‘हवालदार’ व आजचा पोलीस हवालदार एकच ठरतील. वैशेषिकांचा परमाणू निरवयव आहे. आजच्या अणूस अवयव आहेत आणि प्रस्तुत लेखाचा सर्व विषयच ते अवयव. याहूनही मोठा भेद दर्शनाच्या नावातच आहे. दोन पार्थिव परमाणू सर्व गुणांनी सारखे असले तरी ते दोन आहेत हे कशावरून, याचे उत्तर म्हणून वैशेषिकांनी प्रत्येक नित्य द्रव्यात एक स्वतंत्र ‘विशेष’ मानला. तेणेकरून हा परमाणू हाच आणि तो तोच. इलेक्ट्रॉनांच्या ठायी असा ‘विशेष’ नाही. दोघांची अदलाबदल केली तर जगात काहीही पालटत नाही; हा इलेक्ट्रॉन कालचाच काय, हा प्रश्नच संभवत नाही. डिरॅक यांनी १९२६ साली दाखविले की पाउलींचा नियम याच निर्विशेषतेतून निघतो, आणि पाउलींच्या नियमातून तर्फा व मौजांची सर्व वस्ती. म्हणजे उपपातळ्यांची रचना कणादांच्या मुख्य सिद्धांतास धरून नसून त्याच्या नेमकी विरुद्ध टोकास आहे. आमच्या मते यात कणादांस कमीपणा नाही. दोन सारख्या वस्तू दोन कशा, हा प्रश्न त्यांनी इतका नेटाने विचारला की नव्या विज्ञानाचे वेगळेपण सांगण्यास त्यांचाच शब्द सर्वांत उपयोगी पडतो.

राहिली सांगली. सांगली व मिरज यांच्या दरम्यान डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्यामुळे कृष्णा-वारणेकाठच्या मुलास उच्च शिक्षणासाठी पुण्यास जाण्याचे कारण उरले नाही. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ होईपर्यंत या भागाचा संबंध मुंबई व पुढे पुणे विद्यापीठाशी असे, आणि शास्त्रविषय इंग्रजीतूनच चाले. वाईस परिभाषा तयार झाली तरी वर्गात एस्, पी, डी, एफ् हीच अक्षरे फळ्यावर राहिली. घरी आल्यावर आजोबांस समजावून सांगताना मात्र मुलगा ‘कक्षा’च म्हणत असणार, त्याच्यापाशी दुसरा शब्द नव्हता.

या मधल्या भाषेचा पुरावा कोठे आहे, हा संग्राहकांचा प्रश्न होय. छापील पुस्तके ग्रंथालयांत मिळतील. परंतु विद्यार्थ्यांच्या वह्या, प्रयोगशाळेच्या नोंदी, अध्यापकांची टिपणे, परिभाषेवरील पत्रव्यवहार हे सर्व घर बदलताना रद्दीत जाते. ज्या रुमालात तर्कसंग्रहाची पाचवी प्रत आपण जपून ठेवितो, त्याच घरातील माळ्यावरची पदार्थविज्ञानाची वही आपण उचलून पाहत नाही. ती उचलावी. कागदावर वर्ष नसले तरी अणूच्या चित्रावरून तिची पूर्वमर्यादा ठरविता येते, जशी कागदातील जलचिन्हावरून पोथीची ठरते. इलेक्ट्रॉन कक्षेत फिरता काढला असेल तर वही १९१३ पूर्वीची नव्हे. उपपातळीत दोन, सहा, दहा अशी भरती दिली असेल तर १९२४ पूर्वीची नव्हे. परिवलनाचा बाण दाखविला असेल तर १९२५ पूर्वीची नव्हे. पाळ्यांची धुक्याची आकृती असेल तर १९२६ पूर्वीची नव्हे. उत्तरमर्यादा यावरून मुळीच ठरवू नये, कारण वर्गातील अणू प्रयोगशाळेतील अणूच्या मागे कित्येक वर्षे रेंगाळतो, आणि कक्षेत फिरणारा इलेक्ट्रॉन तर अद्यापही वह्यांत फिरतोच आहे. चित्राखाली विद्यार्थ्याने मराठीत एखादा शब्द लिहिला असेल तर तो, अशुद्ध असला तरी, जसाच्या तसा उतरून घ्यावा.